विश्लेषण : मदतीसाठीच्या दौडीत रस्त्याची रुंदी कोण मोजणार?

पावसाळा सुरू झाला की सातारा-सांगलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दौडींचे संदेश फिरू लागतात. कुठे कर्करुग्णांच्या उपचारासाठी, कुठे मुलींच्या शिक्षणासाठी, कुठे झाडे लावण्यासाठी. नोंदणीचे शेवटचे चार दिवस, टी-शर्ट, मेडल आणि नाश्ता. दौड पार पडली की पहिला आकडा जाहीर होतो तो धावलेल्यांचा. गेल्या वर्षीपेक्षा तो वाढला तर कार्यक्रम यशस्वी. मदत किती गेली हा आकडा मात्र मागाहून येतो आणि कधी कधी येतच नाही. जास्त धावपटू म्हणजे जास्त मदत, हे समीकरण सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ते बरोबर आहे का? आणि कारण चांगले आहे म्हणून रस्त्यावर किती माणसे सोडावीत?

साताऱ्याची दौड एवढी मोठी कशी झाली?

‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ २०१२ मध्ये सुरू झाली. सातारा रनर्स फाउंडेशन या स्थानिक धावपटूंच्या संस्थेने ती उभी केली. अंतर २१.०९७५ किलोमीटर. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेने खाली यायचे. पावसाळी हवा, धुके आणि हिरवा डोंगर यामुळे पुण्या-मुंबईचेच नव्हे, तर देशभरातले धावपटू इथे येऊ लागले. २०१५ मध्ये एकाच डोंगरावरील दौडीत सर्वाधिक २,६१८ धावपटू, असा गिनीज विक्रमही साताऱ्याच्या नावावर लागला.

या भागाला धावणे नवीन नाही. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली गावोगाव दिसतात. साताऱ्याच्या दौडीने ही सवय नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, गृहिणी यांच्यापर्यंत नेली. चाळिशी-पन्नाशीतले लोक सहा-सहा महिने सराव करू लागले. हे मोठेच काम आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

त्याच यशाचे अनुकरण आता इतर शहरे करतात. सांगली-मिरजेतही दौडी होतात, लहान तालुक्यांतही होतात. अनुकरण करताना घाट, हवा, आयोजकांचा अनुभव या गोष्टी उचलता येत नाहीत. उचलता येतो तो आकडा. म्हणून ‘आमच्याकडे पाच हजार’ हीच स्पर्धा लागते.

दौडीतून मदतीचा पैसा नेमका कसा उभा राहतो?

यासाठी ढोबळमानाने तीन पद्धती आहेत. पहिली, नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांचे पैसे जमा करायचे, खर्च भागवायचा आणि उरेल ते एखाद्या संस्थेला द्यायचे. आपल्याकडच्या लहान शहरांत बहुतेक हीच पद्धत दिसते. दुसरी, दौडीतल्या काही जागा सामाजिक संस्थांसाठी राखून ठेवायच्या. संस्था त्या जागा पैसे देऊन घेते आणि तिच्यासाठी निधी जमवण्याची तयारी असलेल्या धावपटूला देते. तिसरी, धावपटूने स्वतःच्या ओळखीत आवाहन करायचे : मी अमुक अंतर धावतोय, तुम्ही अमुक संस्थेला देणगी द्या.

मोठी मदत दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीने उभी राहते. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिथे निधी संकलनाचे काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. २०२४ च्या दौडीतून सामाजिक संस्थांसाठी ७० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली. ती काही टी-शर्टच्या पैशातून उरलेली नव्हती. व्यक्ती आणि कंपन्यांनी ठरवून, नाव घेऊन, विशिष्ट संस्थांसाठी ती जमवली.

लंडनचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या या मॅरेथॉनमध्ये २०२५ साली ५६,६४० जणांनी शर्यत पूर्ण केली आणि ८ कोटी ७३ लाख पौंड जमले. म्हणजे माणशी सरासरी दीड हजार पौंडांहून जास्त. पण लक्षात ठेवण्यासारखा आकडा वेगळाच आहे. त्या वर्षीच्या सोडतीसाठी ८ लाख ४० हजारांहून अधिक अर्ज आले होते. सगळ्यांना घेतले असते तर शुल्काची रास पडली असती. त्यांनी बहुतेकांना नाही म्हटले. जगात एका दिवसात सर्वाधिक मदत जमवणारी दौड ही सर्वाधिक लोकांना परत पाठवणारी दौडही आहे.

मदतीसाठी गर्दीच लागते असेही नाही. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण एक पाय कृत्रिम असताना कर्करोग संशोधनासाठी १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटरनंतर आजार बळावल्याने त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने जगभर निघणाऱ्या दौडींमधून आजवर ८० कोटी कॅनडियन डॉलरहून अधिक निधी उभा राहिला आहे. सुरुवात एका माणसाने केली होती.

मग नोंदणी शुल्क म्हणजे देणगी नव्हे का?

नव्हे. धावपटू शुल्क भरतो तेव्हा त्याला टी-शर्ट, मेडल, वेळ मोजणारी चिप, पाणी, नाश्ता, वैद्यकीय सोय मिळते. तो सेवेचा मोबदला आहे. देणगी म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेले पैसे. प्राप्तिकरात ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आणि दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर नाही. दौडीच्या शुल्काची पावती म्हणजे देणगीची पावती, असा समज करून घेण्यात अर्थ नाही.

हा फरक केवळ कराचा नाही. आयोजकांचे गणित त्यावर ठरते. समजा, एका दौडीचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि एका धावपटूमागे खर्च १,३०० रुपये येतो. माणशी २०० रुपये उरले, तर पाच हजार धावपटूंमागे १० लाख. मदत वाढवायची तर एकच उपाय दिसतो, आणखी धावपटू आणा.

आता दुसरे गणित. धावपटू तीनच हजार घेतले. धावपटू कमी झाले तरी मंडप, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका यांचा खर्च फारसा कमी होत नाही, म्हणून शुल्कातून काहीच उरले नाही असे धरू. पण त्या तीन हजारांपैकी फक्त ३०० जणांनी आपल्या नातेवाइकांकडून, शाळेच्या मित्रांकडून, कार्यालयातून प्रत्येकी पाच हजार रुपये जमवले तर १५ लाख होतात. दोन हजार माणसे कमी, मदत पाच लाखांनी जास्त. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण वाट खरी आहे.

या वाटेला आपल्याकडे परंपराही आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावे म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती. ते देशासाठी कांस्यपदक घेऊन आले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शैक्षणिक कामाला घरोघरच्या मूठभर धान्याने, मुष्टिफंडाने, हातभार लावला. चार दारे फिरून मागण्याची लाज इथल्या समाजाने कधी बाळगली नाही. दौडीचा धावपटूही चार दारे फिरू शकतो. आयोजक त्याला तसे सांगत नाहीत, कारण शुल्क घेऊन मोकळे होणे सोपे असते.

गर्दी नेमकी कुठे अडते?

सुरुवातीच्या रेषेपाशी गर्दी दिसते, पण खरी अडचण पुढे असते. जिथे रस्ता अरुंद होतो, वळतो किंवा चढतो तिथे.

साधा हिशेब करून पाहू. समजा, घाटातला रस्ता सात मीटर रुंद आहे. जाणारे आणि येणारे एकाच रस्त्यावर असल्याने प्रत्येक बाजूला साडेतीन मीटर. त्यात तीन जण शेजारी शेजारी मोकळेपणाने धावू शकतात. ताशी दहा किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांच्या दोन ओळींमध्ये तीन मीटर अंतर धरले तर सेकंदाला जेमतेम एक ओळ, म्हणजे मिनिटाला सुमारे १८० जण पुढे जातात. चढावर मात्र निम्मे लोक चालू लागतात. वेग ताशी पाच किलोमीटरवर आला आणि ओळींमधले अंतर दोन मीटर झाले, तर मिनिटाला सुमारे १२० जण.

खाली शहरात रस्ता रुंद असतो. पाच हजार जण एकदम सोडले तर दहा मिनिटांत सगळे निघालेले असतात, म्हणजे मिनिटाला ५००. येणारे ५००, पुढे सरकणारे १२०. वेग वेगवेगळा असल्याने रांग वाटेत थोडी लांबते, पण एवढा फरक भरून निघत नाही. बाकीचे घाटाच्या तोंडाशी साचतात. मागचा रेटतो, मधला अडखळतो, कडेचा गटाराकडे किंवा कठड्याकडे ढकलला जातो. त्यात रस्ता ओला.

आणखी एक गोष्ट. सगळ्यात पुढचे धावपटू पाऊण तासाच्या आत वळसा घेऊन भरधाव उताराला लागतात. त्या वेळी मागचे अजून चढत असतात. म्हणजे दौडीचा बराच काळ रस्ता दोन्ही बाजूंनी भरलेला. मग कुणी कोसळले तर रुग्णवाहिका कुठून जाणार? सात मीटरमध्ये दोन्ही बाजू धावपटूंना दिल्या तर तिच्यासाठी जागाच उरत नाही.

डोंगर, अरुंद वाट आणि गर्दी एकत्र आली की काय होते, हे सातारा जिल्ह्याला सांगावे लागत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास ३०० भाविकांचा जीव गेला. चिंचोळी उताराची वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि मागून येणारा लोंढा. आलेल्या प्रत्येकाचा हेतू श्रद्धेचाच होता. दौड आणि यात्रा यांची बरोबरी करायची नाही. दौडीत नोंदणी असते, स्वयंसेवक असतात, लोक एका दिशेने सरकत असतात. पण धडा एकच आहे : हेतू चांगला असल्याने वाट रुंद होत नाही.

लाटांनी सोडल्याने काय होते?

जगभरच्या मोठ्या दौडींनी यावर काढलेला उपाय म्हणजे धावपटूंना वेगानुसार गटांत उभे करून ठरावीक अंतराने सोडणे. पाच हजार जणांचे ५०० चे दहा गट केले आणि दर चार मिनिटांनी एक गट सोडला तर मिनिटाला १२५ जण निघतात. घाट जेवढे घेऊ शकतो तेवढेच. शेवटचा गट पहिल्यानंतर ३६ मिनिटांनी निघतो. चिप असल्याने प्रत्येकाची वेळ तो स्वतः रेषा ओलांडतो तेव्हापासून मोजली जाते, त्यामुळे कुणाचे नुकसान होत नाही.

शिकागो मॅरेथॉनच्या सुरुवातीला जमलेल्या गर्दीचा अभ्यास दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी केला आणि तो २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढची रांग स्वयंसेवकांच्या साखळीमागे चालू लागली किंवा थांबली की तो बदल गर्दीतून लाटेसारखा मागे जातो, असे त्यांना आढळले. ती लाट माणसाच्या चालण्याइतक्या वेगाने सरकते. याचा व्यावहारिक अर्थ असा की पुढे काय अडले आहे ते मागच्याला लगेच कळत नाही. दोनशे मीटर मागे उभ्या माणसाला ते कळायला तीनेक मिनिटे लागतात. तोपर्यंत तो ढकलतच असतो.

ही शिस्त परकी नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दर वर्षी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा सातारा जिल्हा ओलांडते. लाखो वारकरी असतात. पण दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या अशी जागा ठरलेली असते आणि कुणी ती मोडत नाही. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण लागते तेव्हा एवढ्या गर्दीत अश्वाला धावायला मोकळी वाट मिळते. अश्वासाठी वाट मोकळी ठेवता येते, तर रुग्णवाहिकेसाठी का नाही?

धावताना हृदय थांबले तर?

लांब दौडीत हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रमाण फार कमी आहे, पण शून्य नाही. २०२२ मध्ये साताऱ्याच्या दौडीत एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला. २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोघांचा झाला. एखाद्या मृत्यूवरून आयोजनाला दोषी ठरवणे योग्य नाही. तयारी मात्र तपासायलाच हवी.

अमेरिकेतील दोन मोठे अभ्यास याबाबत दिशा दाखवतात. २००० ते २०१० या काळात तिथल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमधील सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांची हृदयक्रिया बंद पडली आणि ४२ जण दगावले. २०१० ते २०२३ या काळात सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटूंमध्ये अशा १७६ घटना घडल्या, मृत्यू ५९ झाले. हृदय थांबण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. पण आधी दहापैकी सात जण मरत होते, नंतर तीन-चार. हा फरक पडला तो शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात केल्यामुळे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे ‘एईडी’ यंत्र वेळेत पोहोचल्यामुळे.

इथे एकेक मिनिट मोलाचे असते. कोसळलेल्या माणसाला काहीच उपचार मिळाले नाहीत तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून रुग्णवाहिका किती आहेत यापेक्षा ती कुठल्याही ठिकाणी किती मिनिटांत पोहोचेल, हा प्रश्न महत्त्वाचा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, पण भरलेल्या घाटात ती उडत येऊ शकत नाही. पाण्याच्या प्रत्येक टेबलावरच्या दोन स्वयंसेवकांना तरी छाती दाबण्याचे प्रशिक्षण हवे. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे शिकायला एक संध्याकाळ पुरते.

पावसाळ्यातली दौड थंड असते म्हणून सोपी, हाही गैरसमज आहे. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. उलट घाटमाथ्यावर वारा आणि पाऊस एकदम आला तर अंग गार पडते. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत हवा अचानक फिरली आणि २१ धावपटू थंडीने दगावले. यवतेश्वरचा डोंगर तेवढा उंच वा निर्जन नाही. पण हवा बिघडली तर दौड कुणी थांबवायची, हे आदल्या दिवशी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

सांगलीने काय वेगळे करावे?

सांगली-मिरज परिसर सपाट. रस्ते तुलनेने रुंद, घाट नाही. त्यामुळे चढावर साचण्याचा धोका नाही, पण वेग जास्त असतो आणि अडचण चौकात होते. जिथे मार्ग काटकोनात वळतो, जिथे दुभाजक सुरू होतो, जिथे गतिरोधक अंधारात दिसत नाही, तिथे पडापड होते. सपाट मार्गावर हौशी, सराव नसलेले धावपटूही जास्त येतात. लहान मुले, सेल्फी काढणारे गट आणि वेळेसाठी धावणारे एकाच रेषेवरून सोडले की एकमेकांच्या पायात येतात. तीन-पाच किलोमीटरची कौटुंबिक दौड वेगळ्या मार्गावर किंवा वेगळ्या वेळी ठेवणे हा साधा उपाय आहे.

सांगलीची एक मोठी जमेची बाजू आहे. मिरज हे डॉक्टरांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत मोठी वैद्यकीय परंपरा तिथे आहे. प्रत्येक किलोमीटरवर प्रशिक्षित विद्यार्थी उभा करणे मिरजेइतके सोपे फार थोड्या शहरांना असेल. गर्दीचा विक्रम करण्यापेक्षा हा विक्रम सांगलीने करावा.

रस्ता फक्त धावणाऱ्यांचा आहे का?

रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो असे धावणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याच सकाळी स्पर्धा परीक्षांची मुले केंद्रावर निघालेली असतात. दुधाच्या गाड्या येत असतात. घाटावरच्या गावातून एखाद्या बाळंतिणीला साताऱ्याच्या रुग्णालयात आणायचे असते. फुलांच्या हंगामात कासकडे जाणाऱ्या गाड्या खोळंबतात. दौडीसाठी तीन-चार तास रस्ता बंद ठेवायला शहर तयार होते ते कारण चांगले आहे म्हणून. ही सुद्धा शहराने दिलेली देणगीच आहे आणि तिची पावती कुणी देत नाही.

म्हणून बंद रस्ते, पर्यायी मार्ग आणि वेळा आठवडाभर आधी वॉर्डावॉर्डांत आणि घाटावरच्या गावांत पोहोचल्या पाहिजेत. शेवटच्या धावपटूसाठी ठरवलेली वेळ संपली की रस्ता खुला झाला पाहिजे. दौडीच्या दुपारी रस्त्यावर एकही पेला, एकही वेष्टन दिसता कामा नये. जागतिक वारसा यादीतल्या कासकडे जाणाऱ्या वाटेवर तर नाहीच.

गर्दी कमी केली तर दौड मरणार नाही का?

आयोजकांची ही भीती खोटी नाही. प्रायोजक आकडा पाहून येतात. हॉटेल, लॉज, रिक्षा, खानावळी यांचा एक हंगाम या दौडीवर होतो. नव्याने धावू लागलेल्याला पहिल्यांदाच ‘जागा संपली’ असे सांगितले तर तो परत येईल का, हाही प्रश्न आहे. शिवाय मर्यादा घातली की ऑनलाइन नोंदणीत चपळ असलेले शहरी लोक जागा घेतात आणि गावातला मुलगा बाहेर राहतो.

पण यातल्या प्रत्येक अडचणीला उत्तर आहे. स्थानिकांसाठी आणि पहिल्यांदा धावणाऱ्यांसाठी जागा राखता येतात. वर्षातून एका मोठ्या दौडीऐवजी तीन लहान दौडी घेता येतात, म्हणजे खानावळींचाही एकाऐवजी तीन रविवारचा धंदा होतो. प्रायोजकाला पाच हजार टी-शर्टवर नाव हवे असते हे खरे. मात्र मदत किती गेली हे छातीठोकपणे सांगणाऱ्या दौडीशी नाव जोडले जाणे हीही जाहिरातच आहे. आणि एखादी दुर्घटना घडली तर दौड, प्रायोजक आणि मदत तिन्ही एकाच दिवशी संपतात.

हिशेब कुणी आणि कुठे मांडावा?

गावच्या जत्रेची वर्गणी गोळा होते तेव्हा जत्रा झाल्यावर पारावर किंवा देवळात हिशेब वाचला जातो. कुणी किती दिले, मंडपाला किती गेले, किती उरले. कुणी शंका घेतली तर तिथेच उत्तर मिळते. मदतीसाठीच्या दौडीला यापेक्षा कमी पारदर्शकता चालू नये.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत न्यासांना लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यावे लागतात. ते झाले कायद्याचे. धावपटूला त्यापलीकडे चार आकडे हवेत : शुल्क आणि प्रायोजकत्वातून एकूण जमा किती, दौडीवर खर्च किती, मदत म्हणून किती रक्कम कुठल्या तारखेला कुणाला दिली आणि त्या संस्थेची पोचपावती. दौडीनंतर दोन महिन्यांत हे चार आकडे त्याच मोबाइलवर यावेत, ज्यावर नोंदणीचे संदेश आले होते. काहीच उरले नसेल तर तसे सांगावे. दौड आरोग्यासाठी होती असे म्हणण्यात कमीपणा नाही. मदतीचे नाव लावून हिशेब न देण्यात आहे.

मग आकडा कसा ठरवायचा?

उलट बाजूने. आधी रुग्णवाहिकेची मार्गिका आखायची. मघाच्याच सात मीटरच्या रस्त्यावर तिला तीन मीटर दिले तर जाण्या-येण्याला दोन-दोन मीटर उरतात, म्हणजे शेजारी दोघेच. चढावर मिनिटाला ८० च्या आसपास. पाच हजार जणांना तासाहून जास्त वेळ लागेल, तीन हजारांना ३७-३८ मिनिटे. रस्ता किती वेळ बंद ठेवता येईल, किती प्रशिक्षित स्वयंसेवक मिळतील, हे त्यानंतर पाहायचे. यातून जो सगळ्यात लहान आकडा येईल तो धावपटूंचा आकडा. प्रत्यक्ष मार्ग मोजून पोलीस, पालिका, आरोग्य विभाग आणि आयोजकांनी तो एकत्र ठरवावा आणि नोंदणी उघडण्याआधी जाहीर करावा. मदतीचे उद्दिष्ट त्यानंतर ठरवावे आणि ते शुल्कातून नव्हे, धावपटूंनी जमवलेल्या देणग्यांतून गाठावे.

सांगलीकरांना ही पद्धत नवी नाही. कृष्णेला पाणी चढू लागले की सगळे शहर आयर्विन पुलावरच्या फुटांच्या आकड्याकडे पाहते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले तेव्हा त्या खुणांचा अर्थ घराघराला कळला. ४५ चा आकडा आला की कुणी वाद घालत नाही, सामान वर चढवते. पातळी आधी ठरलेली असते म्हणून निर्णय वेळेत होतो.

मदतीसाठी धावणाऱ्या प्रत्येक दौडीलाही अशाच दोन खुणा हव्यात. इशारा पातळी आली की नोंदणी थांबवण्याची तयारी, धोका पातळी आली की नोंदणी बंद. मग रांगेत कुणाचीही ओळख निघो आणि कारण कितीही मोठे असो.